घामाचा पैरा

आमच्या गावात कुणी पळताना दिसलं, की पहिला प्रश्न येतो, "काय झालं रं?" दावं तोडून म्हैस सुटली असेल, मोटरीची लाईट आली असेल, एसटी वळणावर दिसली असेल, नाहीतर कुणाचं तरी बरंवाईट झालं असेल. माणूस उगीच पळत नाही. त्यामुळं मी भोगावतीच्या काठानं पहाटे पळायला लागलो, तेव्हा पहिले पंधरा दिवस दर चार घरांमागं थांबून उत्तर द्यावं लागायचं. "काही न्हाई, व्यायाम." त्यावर समोरचा माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघायचा. वय एक्केचाळीस, दीड एकर ऊस, वीस गुंठे भात, तीन म्हशी आणि वर गावच्या दूध संस्थेची सचिवकी. असल्या माणसाला आणखी व्यायाम कशाला लागतो, हे लोकांना उमगत नव्हतं. त्यांचं काही चूक होतं असं नाही.

निमित्त होतं गोव्याच्या शर्यतीचं. मिरामारच्या किनाऱ्यावर ती पहिल्यांदा २०१९ साली झाली. आयर्नमॅन म्हणतात त्याची ही निम्मी. आधी समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन ९० किलोमीटर सायकल मारायची आणि सायकल टांगून २१.१ किलोमीटर पळायचं. सगळं मिळून साडेआठ तासांच्या आत. कोल्हापुरातनं पुष्कळ जण जातात. डॉक्टर असतात, दुकानदार असतात, पोलीसही असतात. त्यातला एक जण बंधाऱ्याच्या फुगवट्यात पोहायला आला होता. त्याच्याशी बोलत काठावर अर्धा तास बसलो आणि डोक्यात किडा शिरला.

आमचे आण्णा तरुणपणी तालमीत अंग कमावलेले. कोल्हापूर भागात घाम गाळण्याचं कुणाला वावडं नाही. जोर-बैठका, दूध-बदामाचा खुराक, यात्रेतली कुस्ती आणि वरची बक्षिसाची नोट हे सगळं गावाला माहीत आहे. आण्णांनी शर्यतीची सगळी हकिगत नीट ऐकून घेतली आणि विचारलं,

"जोडीला कोण हाय?"

"कोण न्हाई. आपलं आपणच करायचं."

"मग जितायचं कुणाला?"

याचं उत्तर मला त्या दिवशीही देता आलं नाही आणि नंतरही.

कोल्हापूरच्या त्या गृहस्थानं चोवीस आठवड्यांचं वेळापत्रक दिलं होतं. ते मी घरात कालनिर्णयाच्या शेजारी चिकटवलं. आठवड्याला तीनदा पोहणं, तीनदा सायकल, तीनदा पळणं, सोमवारी विश्रांती. सगळे मिळून दहा तास. नोकरदार माणसाला दहा तास काढणं सोपं असेल. संस्थेत दूध सकाळी सहाला सुरू होतं आणि संध्याकाळीही सहाला. कॅन घेऊन लोक दारात उभे असतात. फॅट लावायला पाच मिनिटं उशीर झाला तरी बोंब होते. म्हणजे पळणं पहाटे चार ते साडेपाच. सायकल सकाळचं संकलन उरकून, नऊच्या पुढं. पोहणं दुपारी चारनंतर. त्यात मे महिन्यात शेतीपंपाची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीची लाईट असली, की उसात रात्रभर दारं धरायची, पहाटे चिखलाचे पाय धुवायचे आणि बूट चढवायचे. वेळापत्रकातला सोमवार विश्रांतीचा, पण तो म्हशींना कुणी सांगितला नव्हता.

पोहायचा प्रश्न पावसानं अवघड केला. जूनअखेर नदी गढूळली. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, की आमच्या गावात बंधारा पाण्याखाली जातो आणि नदीकडं बघायचीसुद्धा छाती होत नाही. मग राहिली आमची विहीर. चाळीस फूट रुंद, दगडी बांधकामाची. मेमध्ये पाण्याला हात लावायला वीस-बावीस पायऱ्या उतराव्या लागतात. जुलैत ती काठापर्यंत येते. कडेकडेनं एक फेरी मारली, की साधारण पस्तीस मीटर होतात. म्हणजे शर्यतीएवढं पोहायला पंचावन्न फेऱ्या. एकट्यानं पाण्यात उतरायचं नाही, हा आईचा नियम. म्हणून सातवीतला मुलगा वर दोर आणि हवा भरलेली ट्यूब घेऊन बसायचा. त्याच्यापुढं अकरा चिंचोके. पाच फेऱ्या झाल्या, की एक चिंचोका इकडचा तिकडं. कधी कोपऱ्यात एखादं दिवड डोकं वर काढून बघत राहायचं. त्याला आमची सवय झाली, आम्हाला त्याची.

लहानपणी पाठीला डबा बांधून आम्ही सगळेच पोहायला शिकलो. पण ते मान वर काढून पोहणं. दोनशे मीटरला मान धरते, दम तुटतो. तोंड पाण्यात घालायचं, श्वास पाण्यात सोडायचा आणि कुशीवर वळून घ्यायचा, हे एक्केचाळिसाव्या वर्षी शिकायला दोन महिने गेले. शिकल्यावर वेगळंच झालं. एका रविवारी रंकाळ्यावर पोहायला गेलो, तर मी सरळ जाईचना. सारखा डावीकडं वळत काठाला लागायचो. विहिरीत रोज डाव्या अंगानं फिरून अंगात तेच वळण मुरलं होतं. मग एक दिवस सुलटा आणि एक दिवस उलटा फिरायला लागलो. आईनं ते बघितलं आणि म्हणाली, "उलटी प्रदक्षिणा घालू नये बाबा." मी म्हटलं, "देवाला न्हाई घालत, विहिरीला घालतोय." त्यावर ती म्हणाली, "विहिरीत देव नसतो व्हय?" दसऱ्याला तिथं नारळ फुटतो, तेव्हा मी गप्प बसलो.

सायकल जुनी घेतली, तरी सत्तर हजार गेले. किंमत ऐकून शेजारचा दादू म्हणाला, "एवढ्यात एक बरी म्हैस आली असती." शर्यतीची फी वेगळीच, ती भरली, त्या पंधरवड्यात दुधाच्या बिलाकडं बघवत नव्हतं. रविवारी लांबचा पल्ला. राधानगरीवरनं दाजीपूरकडं, फोंडा घाटाच्या अलीकडं जाऊन परत आलं, की नव्वद-पंचाण्णव किलोमीटर भरतात. पावसाळ्यात त्या रस्त्यावर झड लागली, की पुढचं दहा हातांवरचं दिसत नाही. एकदा वळणावर गवा उभा होता. मी थांबलो, तोही थांबला. एरवी कळप असतो, हा एकटाच होता, आणि एकटा गवा वाईट. वीस मिनिटं भिजत उभं राहिल्यावर तो सावकाश झाडीत शिरला. त्या दिवसाची सरासरी त्याच्या खात्यावर.

खाण्याचं शास्त्र मात्र घरातच निघालं. अंगातली साठवणीची साखर दीड-दोन तासांच्या कष्टाला पुरते. पुढं पोटात काही घातलं नाही, तर पाय एकदम जागच्या जागी बसतात. शहरातली मंडळी त्यासाठी चिकाच्या पुड्या घेऊन फिरतात. मी गूळ-शेंगदाण्याचे लाडू, दोन केळी आणि लिंबू-मीठ घातलेलं गूळपाणी नेत असे. आण्णांना ते सांगितलं, तेव्हा ते हसले. "नांगराला चार पाळ्या झाल्या, की बैलाला सोडायचं आन् आपण गूळपाणी प्यायचं. आम्हाला काय ते डॉक्टरनं सांगितलं हुतं?"

पहाटे रस्त्यावर मी एकटा नसायचो. भरतीची पोरं असायची. बंधारा ते आमची दूध संस्था हे अंतर त्यांनी मोजून ठेवलेलं, सोळाशे मीटर. पोलीस भरतीत तेवढंच पळावं लागतं आणि काही सेकंदांवर मार्क जातात. सात-आठ जण, निम्मे अनवाणी. दोन वर्षं, तीन वर्षं रोज तेच सोळाशे मीटर. एकानं मला विचारलं,

"काका, तुमच्या त्या पळण्याला मार्क किती?"

"मार्क नसतात."

"मग सर्टिफिकेट? खेळाडू कोट्यात चालतं का?"

"न्हाई चालत."

पोरगं काही बोललं नाही. त्याच्या पळण्यामागं आईची भांगलणीची मजुरी होती, बहिणीचं लग्न होतं. माझ्या पळण्यामागं काय आहे, हे मी त्याला काय सांगणार होतो? पण मनगटावर घड्याळ होतं, सेकंद दाखवणारं. "उद्यापासनं टायम मी लावतो," एवढंच म्हणालो. तेव्हापासून रोज पहाटे पाचला मी संस्थेच्या पायरीशी थांबायचो, एकेकाचा वेळ वहीत लिहायचो आणि मग माझं उरलेलं पळायचो.

त्या घड्याळानं घरातही एक काम केलं. ते पावलं मोजतं. एका सोमवारी, माझ्या विश्रांतीच्या दिवशी, मुलानं गंमत म्हणून ते आईच्या हातात बांधलं. पहाटे धारा, शेण, झाडलोट, स्वयंपाक, वैरणीचे तीन भारे, नदीवरची धुणी, दुपारी उसात भांगलण, परत धारा. दिवेलागणीला घड्याळ थरथरलं. ती दचकली.

"काय म्हणतंय ह्ये?"

मुलानं वाचलं. "लक्ष्य गाठलं म्हणतंय."

"कुठलं?"

कुणालाच सांगता येईना. तेवीस हजारांच्या वर आकडा गेला होता. माझ्या पळायच्या दिवशीसुद्धा तो कधी एवढा होत नसे. तिनं घड्याळ काढून माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "अवो, पळा तुम्ही. माझं काही म्हणणं न्हाई. फकस्त कुठल्या दिवशी म्हशी कुणाकडं, ते त्या कागदावर लिवा."

त्या रात्री वेळापत्रकाला पेनानं आणखी एक रकाना आखला. पोहणं, सायकल, पळणं आणि चौथा म्हशींचा. सोमवार-गुरुवारच्या धारा माझ्या, शनिवारची वैरण माझी, रविवारी मी दाजीपूरला, तेव्हा मुलगा तिच्या हाताखाली. पुढचे तीन महिने घरातली माणसं तो कागद कालनिर्णयाआधी बघायची. कोल्हापूरच्या गृहस्थाला मी ते सांगितलं, तर तो म्हणाला, त्याच्या घरीही असा रकाना पाहिजे.

शर्यत ऑक्टोबरअखेरच्या रविवारी होती. आणि भात नेमकं त्याच आठवड्यात कापणीला आलं. वीस गुंठ्यांचंच, पण वर्षाच्या भाताचं घर त्यावर चालतं. परतीचा पाऊस रोज दुपारी डोंगरावर काळा होऊन बसायचा. भात आडवं पडलं, की दाणा शेतातच उगवतो. मजूर सगळीकडं गुंतलेले. सोमवारी, मंगळवारी मी बांधावर जाऊन आकाशाकडं बघून आलो. बुधवारी रात्री बायकोला म्हटलं, "राहू दे यंदाचं गोवा." ती भाकरी थापत होती. म्हणाली, "चोवीस आठवडे म्हशींची पाळी लावलीया. आता राहू दे म्हणून कसं चालंल?"

गुरुवारी पहाटे टायम लावताना भरतीच्या पोरांना माझा चेहरा दिसला असावा. एकानं विचारलं, मी सांगितलं. पोरांनी एकमेकांकडं बघितलं. सात वाजता सहा जण विळे घेऊन बांधावर हजर. मी मजुरीचं बोललो, तर मोठा म्हणाला, "पैसं नको काका. पैरा करू. आमच्या चौघांच्या घरची कापणी हाय म्होरल्या आठवड्यात." पैरा म्हणजे आज तुझ्या रानात माझे हात, उद्या माझ्या रानात तुझे, पैशाचा संबंध नाही. दुपारी तीनपर्यंत भात कापून झालं, शुक्रवारी झोडून पोती घरात आली. शुक्रवारी रात्री पाऊस आला, तेव्हा शेतात नुसती सोट उभी होती.

गोव्याला मी, मुलगा आणि पोरांतला एक गेलो. बायको आली नाही. म्हशींना रजा नसते. समुद्र विहिरीसारखा नव्हता, हे पहिल्याच लाटेला कळलं. खारट पाणी नाकातोंडात गेलं, पण वळण डावीकडं गेलं नाही. सायकल बरी झाली. पळताना ऊन असं होतं, की पायाखालचा रस्ता तव्यासारखा. सायकलवरनं उतरल्यावर पाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे वाटतात. पाच-सहा किलोमीटरनंतर ते हळूहळू आपले होतात. सात तास एक्कावन्न मिनिटांनी मी आत आलो. माझ्यापुढं शेकडो लोक होते, मागंही पुष्कळ. गळ्यात पदक पडलं. घरी फोन लावला, तर आण्णांनी विचारलं, "पडला न्हाईस न्हवं?" आणि मग, "म्हशीनं आज कासंला हात लावू दिला न्हाई. लवकर ये."

मंगळवारी सकाळी मी विळा घेऊन त्या मोठ्या पोराच्या रानात गेलो. मांड्या दगडासारख्या झालेल्या. वाकता येत होतं, पण उकिडवं बसता येईना. पोराची आजी माझ्या शेजारच्या ओळीत होती. तिनं दोनदा बघितलं आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "एवढं गोव्यापतूर पळून आलास आन् तुला बसता येईना व्हय रं?" सगळं रान हसलं. मी गुडघे टेकून कापत राहिलो. तिची ओळ संपली, तेव्हा माझी निम्मी होती; मग तीच वळून माझ्या ओळीत आली.

चार घरांचा पैरा फिटायला शनिवार उजाडला. रविवारी पहाटे मी झोपूनच होतो. शर्यत संपली होती, भिंतीवरचा कागद बायकोनं काढून ठेवला होता. पाचला दारात हाक आली. "काका, घड्याळ घेऊन या. टायम कोण लावणार?"

त्यांची भरती अजून व्हायची होती.