ट्रेमध्ये काय नको

माँटेसरीच्या वर्गात बाईचं बरंचसं काम मुलं यायच्या आधीच होऊन जातं. बुटक्या मांडणीवर ट्रे लावायचे, प्रत्येकातलं सामान बघायचं, ओतण्याच्या कामाला किती डाळ ठेवायची ते ठरवायचं. मुलं आली की आपण शक्यतो बाजूला. म्हणून शाळा बघायला आलेले पालक जरा गोंधळतात. फळा नाही, बाक नाहीत, आणि मुख्य म्हणजे मधोमध उभं राहून शिकवणारं कोणी नाही.

ओतण्याचा ट्रेच घ्या. दोन सारखे छोटे जग, एकात मूगडाळ. ते जग मिळवायला मी ठाण्यातल्या जांभळी नाक्याचा बाजार पालथा घालते. दुकानदाराला वाटतं, बाईला भातुकली हवी. भातुकलीतलं भांडं चालत नाही. त्याची चोच नावाला असते, कानात बोट जात नाही आणि ते इतकं हलकं असतं की भरलेलं आणि रिकामं यातला फरक हाताला कळत नाही. मला काचेचं किंवा चिनी मातीचं हवं असतं. “अहो, फुटेल ना!” असं पालकही म्हणतात. फुटेल. फुटणारं आहे हे माहीत असलेलं मूल ते कसं उचलतं, हे एकदा बघावं.

जग दोन रंगांचे असले तर मूल रंगात अडकतं. ट्रेवर हौसेनं फुलाफुलांचं कापड घातलं तर फुलांवर बोट फिरवत बसतं. म्हणून एका ट्रेत एकच अडचण: डाळ इकडून तिकडे, न सांडता. ती जमली की तांदूळ, मग पाणी. गुलाबी मनोऱ्यातही तेच तत्त्व आहे. दहा लाकडी घन, सगळे एकाच रंगाचे, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा. बदलतो तो फक्त आकार. (तो सर्वांत लहान घन कुठल्या तरी खिशातून घरी जातो आणि बहुतेक वेळा आजी परत आणून देते.) नवीन शिक्षिका ट्रेमध्ये काहीतरी वाढवायला बघते. जुनी झाली की काढायला लागते.

दाखवताना बोलायचं नाही, हे सगळ्यात अवघड. तीन वर्षांचं मूल एक तर हात बघतं, नाही तर तोंड. आणि आपल्या बायकांचं तोंड हाताच्या आधी सुरू होतं: सावकाश हं, सांडेल, दोन्ही हातांनी धर. प्रशिक्षणाला आलेल्या मुलींना मी गप्प बसून डाळ ओतायला लावते. अगदी हळू, जग पुसून जागेवर ठेवेपर्यंत. त्यांना आधी हसू येतं, मग हात थरथरतो.

आमची शाळा ठाण्यातल्या बाळकुमला. इथे एका अंगाला जुना आग्रा रोड, त्यावर भिवंडीकडे निघालेल्या मेट्रोचे खांब. दुसरीकडे टॉवर, आणि मध्ये जुनं गाव, त्याचे पाडे. आमच्याकडे दोन्हीकडची मुलं येतात. गावातल्या घरात आजी कोलीम निवडत असते, त्यामुळे मांडी घालून एक काम तासभर करायचं असतं हे तिथल्या मुलाला कोणी सांगावं लागत नाही. टॉवरमधल्या घरी डाळ निवडलेलीच येते. पण एका बाबतीत दोघंही सारखीच. हातातलं काम पुरं करायला कोणी त्यांना वेळ देत नाही. बस येते, लिफ्ट येते, रिक्षा थांबलेली असते, बुटाचे बंद दुसऱ्याच कोणीतरी बांधलेले असतात. आमच्याकडे कामाचा वेळ सलग ठेवलाय, मध्ये घंटा नाही, तो याच्यासाठी.

सुटल्यावर दारात प्रश्न ठरलेला: “आज टीचरनी काय शिकवलं?” उत्तरही ठरलेलं: “काही नाही.” ते खोटं नसतं.

साहित्याच्या किमतीवरून मात्र माझं माझ्याशीच भांडण आहे. मारिया माँटेसरींचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सॅन लोरेंझो या गरीब कामगारवस्तीत उघडलं. आज तेच नाव टॉवरच्या माहितीपत्रकात जलतरण तलावाच्या शेजारी छापलेलं असतं. १९३९ मध्ये बाई स्वतः मद्रासला अड्यारला आल्या, त्याआधीच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ही पद्धत भावनगरला रुजवली होती. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केलं, मग कोसबाड. सोबत अनुताई वाघ. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत कोसबाड आमच्याच ठाणे जिल्ह्यात होतं, हे इथल्या फार थोड्या पालकांना ठाऊक असतं. मुलं शाळेत येईनात तेव्हा या दोघींनी शाळा आदिवासी पाड्यांवरच्या अंगणात नेली आणि लाकडी संचाऐवजी बिया, शिंपले, खडे वापरले.

शिंपल्यांनी वर्गवारी उत्तम होते. चिंचोक्यांनी मोजणी होते. पण ठोकळ्यात बसवायचे लाकडी दंडगोल घरी कापून होत नाहीत. एक चुकीच्या भोकात गेला की शेवटी एक उरला पाहिजे, तेव्हाच मूल स्वतःची चूक स्वतः शोधतं. मापात जराशी ढिलाई आली तर सगळेच कुठेही बसतात आणि मग चूक सांगायला बाई लागते. तिथे मी पैसे वाचवत नाही. बाकी निम्मी मांडणी बाजारातल्या आणि अंगणातल्या वस्तूंची.

पावसाळ्यात खाडीची दमट हवा आत येते आणि तेच महागडे दंडगोल फुगून ठोकळ्यात अडकतात. तेवढे दिवस ते कपाटात जातात. खरखरीत कागदाची अक्षरं कडेनं सुटतात, ती पुन्हा चिकटवायची. डाळीत पोरकिडे होतात. अशा वेळी मी ओतण्याच्या ट्रेमध्ये राजमा ठेवते, डाळ ताटात घेते आणि छोटी चाळण आणून ताटाशेजारी मांडते. त्या आठवड्यात गुलाबी मनोऱ्याकडे कोणी फिरकत नाही. चाळणीसाठी रांग लागते.