माळ्यावरची फळी

मार्चमध्ये चिरंजीव गुलमर्गहून स्नोबोर्ड घेऊन परतले आणि ती फळी माझ्या हवाली करून नोकरीसाठी बंगळूरला गेले. मी ती ओल्या पिशवीसकट माळ्यावर टाकली. श्रावणात काढून पाहतो तो पोलादी कडांना गंज! हिने काही म्हटले नाही, तेच अधिक लागले.

आता मला सारे ठाऊक आहे. फळी पुसून खडखडीत वाळवावी, पाय अडकवायच्या बांधण्यांचे स्क्रू थोडे सैल करावेत, तळाला अन् कडांना मेणाचा जाड थर द्यावा आणि तो हिवाळ्यापर्यंत खरवडू नये. पत्र्याखालचा तापणारा माळा तर नकोच.

परवा चिरंजीवांचा फोन आला. "बाबा, विकून टाका ती. आता कुठली सुट्टी!"

मी "बरं" म्हटले आणि मेणावर पुन्हा इस्त्री फिरवू लागलो. इस्त्री हिची आहे. तिला अजून सांगितलेले नाही.