ठाण्याच्या खाडींतील निवटी

अमरकोशांत 'अनिमिष' या शब्दाचे देव आणि मत्स्य असे दोन अर्थ दिले आहेत. ज्याचा डोळा मिटत नाहीं तो अनिमिष. सुमारें ३५ वर्षांपूर्वीं हा शब्द शिकवीत असतां कोळीवाड्यांतील एक विद्यार्थी उठून म्हणाला, "गुरुजी, निवटी डोले मिटते!" वर्गांत हशा पिकला. "कोशकारापेक्षां तूं शहाणा काय?" असें म्हणून आम्हीं त्यास तास संपेपर्यंत उभें केलें.

गेल्या माघांत त्याच विद्यार्थ्यानें आम्हांस ऐरोलीच्या खाडीकाठीं नेलें. या खाडीचा कांहीं भाग २०१५ सालीं रोहित पक्ष्यांसाठीं अभयारण्य म्हणून राखण्यांत आला व २०२२ सालीं तिची गणना रामसर स्थळांत झाली. लोक येतात ते पक्षी पाहावयास. आमचा वाटाड्या मात्र आम्हांस चिखलाकडे बोट दाखवीत होता.

ओहोटी लागली होती. तिवरांपुढें उघड्या पडलेल्या चिखलावर बोटाएवढे मासे पुढील परांवर रेटा देत, रांगणाऱ्या तान्ह्या मुलासारखे सरकत होते. अंग चिखलाच्याच रंगाचें, त्यावर निळसर ठिपके. मध्येंच एखादा उसळी मारी, एखादा डोकें हलवीत चिखलावरील सूक्ष्म शेवाळ खाई. कल्ल्यांच्या पोकळींत पाणी सांठवून आणि ओल्या त्वचेनें हवा घेऊन ही निवटी पाण्याबाहेर जगते व भय वाटतांच बिळांत शिरते. डोक्यावर बेडकासारखे दोन डोळे. आम्ही पाहत असतां ते खोबणींत बुडाले आणि क्षणांत पुन्हां वर आले. निवटीनें खरोखरच डोळे मिटले!

हिला आपल्यासारखी पापणी नाहीं; बुबुळच खालीं जातें व त्यावर कातडीची घडी येते. डोळा ओला राखणें, कचरा पुसणें व इजा टाळणें हीं पापणीचीं तिन्ही कामें त्यानें साधतात, असें २०२३ सालीं शास्त्रज्ञांनीं प्रयोगांनीं दाखविलें. फ्रेंच पंडित व्हालेन्सिएन यानें १८३७ सालीं या जातीस 'बोलिओफ्थाल्मस' हें ग्रीक नांव दिलें, तेंही 'बाहेर फेकल्यासारखा डोळा' या अर्थाचें.

कोशकारास दोष देण्याचें कारण नाहीं. सामान्य माशाचा डोळा पाणीच धुतें. त्यास मिटण्याची गरज काय? परंतु ज्यानें पाणी सोडलें, त्यास निमिष प्राप्तच झाला. चूक झाली ती आमची. जो मुलगा रोज खाडी पाहत होता, त्याला आम्हीं 'कोठें पाहिलेंस?' एवढेंही विचारलें नाहीं.

परततांना आम्हीं त्यास तो प्रसंग बोलून दाखविला व क्षमा मागितली. तो हसून म्हणाला, "त्यामुळेंच तो शब्द मला अजून पाठ आहे, गुरुजी."

घरीं आल्यावर कोशाच्या आमच्या जुन्या प्रतींत त्या शब्दाशेजारीं आम्हीं शिसपेन्सिलीनें लिहून ठेवलें: 'अपवाद, निवटी.' वाचकांनींही ओहोटीची वेळ पाहून मुलांसह एकदां खाडीवर जावें, आणि शक्य तर कोळीवाड्यांतील कोणास बरोबर न्यावें.