काकूच्या पाटल्या आणि बाबांची एफडी

रामबागेतलं आमचं जुनं घर ज्यांनी पाहिलंय, त्यांना काका-काकू नक्की आठवत असतील. २०१९ च्या जानेवारीत काकांची बायपास झाली. पॉलिसी होती, कॅशलेस होती, म्हणून आम्ही सगळे निर्धास्त. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवरच्या मुलानं कागद पुढे सरकवला, "भिया, अंकलजी की पॉलिसी में बीस परसेंट को-पे है."

बिल साडेचार लाखांचं. त्यातले २० हजार हातमोजे, मास्क असल्या खर्चाचे, ते पॉलिसीत बसतच नव्हते. उरलेल्या ४ लाख ३० हजारांचे वीस टक्के म्हणजे ८६ हजार. एकूण १ लाख ६ हजार, आणि तेही त्याच दिवशी. काकूनं हातातल्या पाटल्या उतरवून दिल्या. रात्री आपण जिथे गराडू खातो, त्याच सराफ्यात दुपारी त्या गहाण पडल्या. कंपनीला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. कागदावर सगळं लिहिलेलं होतं, घरात एक बँकवाला असूनही कुणी वाचलं नव्हतं. (तो बँकवाला मीच.)

म्हणून आई-बाबांच्या पॉलिसीची वेळ आली तेव्हा मी वही-पेन घेऊनच बसलो. दहा लाखांच्या दोन पॉलिसी समोर होत्या, हप्ता जवळजवळ सारखाच. एकीत दर बिलाचे वीस टक्के आपण भरायचे. दुसरीत १ लाखाचं डिडक्टिबल, म्हणजे पहिले लाख रुपये आपले, वरचं सगळं कंपनीचं.

पुण्याहून दादा फोनवर होता. तो म्हणाला, "को-पेचीच घे. ८० हजारांचं बिल आलं तर ६४ हजार तरी मिळतील. तुझ्या डिडक्टिबलमध्ये भोपळा!" खरं होतं ते. पण ८ लाखांचं बिल आलं तर को-पेत १ लाख ६० हजार जातात, डिडक्टिबलमध्ये लाखच. ५ लाखांवर दोन्ही सारखे. म्हणजे पाच लाखांच्या आत दादा बरोबर, वर मी.

बाबांनी मधेच विचारलं, "आणि वर्षात दोनदा ॲडमिट झालो तर? दोनदा लाख?" मला हे सुचलंच नव्हतं. एजंटाला विचारलं, तर काही पॉलिसींत दर क्लेमला कापतात, काहींत वर्षभराची बिलं मिळून एकदाच. आमची दुसऱ्या प्रकारची आहे, हे त्याच्याकडून पॉलिसीच्या शर्तींत बोट ठेवून दाखवून घेतलं.

मग बाबा म्हणाले, "अरे, लहान बिलं पेन्शनमधून निभतील. लाख रुपये मी आज बाजूला ठेवू शकतो. वीस टक्के कशाचे, ते आज कोण सांगणार?"

दादाकडे यावर उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाबांनी लाखाची वेगळी एफडी केली आणि पावती पॉलिसीच्याच फाईलमध्ये लावली.

गेल्या पावसाळ्यानंतर आईला डेंग्यू झाला. चार दिवस ॲडमिट, ४५ हजार बिल, पॉलिसीतून एक पैसा नाही. दादानं लगेच हिशोब ऐकवला, "को-पे असता तर छत्तीस हजार आले असते." आई तर घरी आल्या आल्याच म्हणाली, "एवढा हप्ता भरता, मग त्या पॉलिसीचं काय लोणचं घालायचंय?"

काकू तिथेच बसली होती, ती काही बोलली नाही. तिच्या पाटल्या सुटायला अकरा महिने लागले होते.

एफडी मोडली. दिवाळीपर्यंत बाबांनी ती पुन्हा लाखाची केली.