पाटण्याचा शुतुरमुर्ग

नंदुरबार जिल्ह्याची जमीन बहुतेक काळ्या पाषाणाची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन हा खडक बनला. तापलेल्या लाव्हात हाडे टिकत नाहीत. जुन्या जिवांच्या खुणा सापडतात त्या थरांमधल्या गाळात किंवा नद्या-नाल्यांनी नंतर आणून टाकलेल्या मातीत. अशी माती आपल्या खानदेशातच, जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे गावी आहे. नंदुरबारहून रेल्वेने जळगाव, तिथून चाळीसगाव आणि पुढे रस्त्याने आम्ही मुलाबाळांसह तिथे गेलो.

डोंगराच्या पायथ्याचे हे लहानसे गाव लोकांना पाटणादेवीमुळे माहीत आहे. 1972-73 साली एस. ए. साळी यांनी इथे उत्खनन केले. दगडी हत्यारांसोबत शहामृगाच्या अंड्यांची कवचे आणि त्यांचे मणी निघाले. एका तुकड्यावर तर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली होती. वय सुमारे 25 हजार वर्षे!

मुलांनी विचारले, "अब्बा, शुतुरमुर्ग तर अरबस्तानातला ना?" तो इथेही होता. 2017 मध्ये हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी भारतातल्या अशा जुन्या कवचांमधून डीएनए मिळवला आणि तो आफ्रिकेच्या शहामृगाशी जुळला. आपल्याकडून हा पक्षी केव्हाच गेला. अरबस्तानातला मात्र गेल्या शतकात बंदुका आणि मोटारींच्या शिकारीने संपला.

सूरह अन्कबूतमध्ये जमिनीवर फिरून निर्मितीचा आरंभ पाहायला सांगितले आहे. पाहायचे तर खुणा शिल्लक राहायला हव्यात. नांगर, जेसीबी आणि हौशी हात यांनी त्या एका दिवसात नाहीशा होतात. जागेवरून उचललेला मणी नुसता मणी उरतो. तो कोणत्या थरातला, कोणत्या काळातला, हे कोणी सांगू शकत नाही.

गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोलीत डायनोसॉरची हाडे आणि अंडी सापडली. तिथल्या नवाब घराण्यातल्या आलिया सुलताना बाबी ती जागा जपण्यासाठी वर्षानुवर्षे झटत आहेत. त्यासाठी नवाबी लागत नाही. नाल्यात वेगळे काही दिसले तर हात न लावता फोटो काढावा, जागा लक्षात ठेवावी आणि तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवावे. ती आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. पाटण्याहून परतताना मुलांच्या खिशात नाल्यातला एकही खडा नव्हता.