साठीनंतरची सोबत आणि मोबाइलमधली स्थळं

नाशिकमध्ये विवाह समुपदेशन करताना गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वारंवार कानावर येतो. पूर्वी आईवडील मुलांसाठी यायचे, आता स्वतःसाठी येतात. "ताई, आमच्या वयाला कोणतं ॲप बरं?" विचारणाऱ्यांत गंगापूर रोडवरच्या निवृत्त शिक्षिका असतात, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले गृहस्थ असतात, पन्नाशीत घटस्फोट झालेले आणि कधीच लग्न न केलेलेही असतात. विचारताना बहुतेकांचा आवाज खाली येतो. यात लाजण्यासारखं काहीही नाही, हे मी आधी सांगते. मग विचारते, तुम्हाला लग्न करायचंय, एकत्र राहायचंय, की फिरायला, नाटकाला, दवाखान्यात सोबत येणारं कुणी हवंय? याचं उत्तर मिळेपर्यंत ॲपचं नाव मी काढत नाही.

कारण ॲपचे दोन मुलूख अगदी वेगळे आहेत. केंद्र सरकारने जून २०१६मध्ये विवाहविषयक संकेतस्थळांसाठी सूचना काढल्या. नाव नोंदवणाऱ्याकडून ओळखीचा पुरावा घ्यायचा आणि हे व्यासपीठ लग्नासाठीच आहे, डेटिंगसाठी नाही, हे स्पष्ट लिहायचं, असं त्यांत आहे. म्हणजे ज्याला फक्त सोबत हवी आहे, त्याने तिथे नाव घालणं म्हणजे लग्नाची आस धरून बसलेल्या समोरच्या माणसाची फसगत करणं. डेटिंग ॲपवर असं बंधन नाही. पण तिथे कोण कशासाठी आलंय, हेही कळत नाही.

विवाहाच्या ॲपवरचा अर्ज एकदा नीट वाचून पाहा. पहिलाच रकाना असतो, ही माहिती कोण भरतंय: स्वतः, पालक, भाऊ-बहीण, मित्र. बासष्ट वर्षांच्या एका बाईंनी माझ्यासमोर 'स्वतः' वर बोट ठेवलं आणि पुढचा अर्धा तास त्या खुलून बोलल्या. पहिलं लग्न वडिलांनी ठरवलेलं. आपल्या नावाने आपण काही मागतोय, असं आयुष्यात प्रथमच घडत होतं. त्यापुढे जात, पोटजात, रास, मंगळ, वार्षिक उत्पन्न. साठीत मंगळ विचारणाऱ्या अर्जात मधुमेह विचारलेला असेलच असं नाही. रात्री उठावं लागतं का, ऐकू कमी येतं का, मुलं जवळ राहतात की परदेशात, घर कुणाच्या नावावर आहे, कर्ज आहे का, याला तिथे बहुधा जागा नसते. ते सगळं 'माझ्याविषयी' या मोकळ्या रकान्यात स्वतः लिहायचं. फोटो चालू वर्षातला. दहा वर्षांपूर्वीचा फोटो लावणारे सज्जन असतात, पण पहिल्या भेटीतच विश्वास गमावून बसतात.

डेटिंग ॲपचं गणित वयाच्या आणि अंतराच्या चाळणीवर चालतं. दोघांनी एकमेकांना पसंती दिली की बोलणं सुरू. बम्बल हे ॲप २०१४मध्ये निघालं तेव्हा स्त्री-पुरुष जोडीत पहिला निरोप बाईनेच पाठवायचा, असा त्याचा नियम होता. २०२४मध्ये तो सैल झाला. ज्या बायकांना अनोळखी पुरुषांच्या निरोपांचा भडिमार नको असतो, त्यांना अशी रचना सोयीची पडते. पण ॲप कितीही नावाजलेलं असो, ते आपल्या गावात आपल्या वयाची माणसं दाखवतं का, हेच पाहायचं. नाशिकमध्ये दहा किलोमीटरची मर्यादा ठेवली तर मोजके चेहरे दिसतात, आणि त्यांत मुलाचे साहेब किंवा व्याह्यांचे भाऊ निघण्याचा संभव मोठा. मर्यादा वाढवली की ठाणे, मुंबई, पुणे दिसू लागतं. ॲप अंतर सरळ रेषेत मोजतं. कसारा घाट आणि चंदनापुरी घाट त्याला ठाऊक नाहीत. पुण्याला जायला नाशिकहून सरळ रेल्वेमार्गही नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाने दर पंधरवड्याला असा प्रवास करायचा का, हे ओळख वाढण्याआधी ठरलेलं बरं.

म्हणून मी सांगते, आधी फुकटात महिनाभर बघा. पैसे भरायचे तर एकाच महिन्याचे, आणि यूपीआयचं ऑटोपे त्याच दिवशी बंद करा.

माणूस सापडला तरी माझ्या अनुभवात नाती सर्वांत जास्त अडतात ती पेन्शन आणि घरापाशी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या कामगाराच्या विधवेला कर्मचारी निवृत्तीवेतन योजना, १९९५ खाली मिळणारी पेन्शन पुनर्विवाहानंतर बंद होते. रक्कम लहान असते, किमान हजार रुपये. पण ती तिच्या हातात येणारी एकमेव हक्काची रक्कम असू शकते. केंद्र सरकारी कुटुंबनिवृत्तिवेतनही पुनर्विवाहाने थांबतं, अपत्यहीन विधवेला काही अटींवर सवलत आहे. पुण्यात माधव दामले यांनी २०१२मध्ये सुरू केलेल्या हॅपी सीनियर्स या संस्थेने ज्येष्ठांच्या लिव्ह-इनचा पर्याय उघडपणे मांडला, तो मला म्हणूनच मोलाचा वाटतो. मात्र लिव्ह-इनमधल्या जोडीदाराला वारसाहक्क नाही. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, २००५ विवाहसदृश नात्यातल्या स्त्रीला संरक्षण देतो. पण आपल्यामागे घर द्यायचं असेल तर मृत्युपत्रच लागतं.

लग्न केलं तर चित्र उलटं. हिंदू वारसा कायद्यात नवी पत्नी मुलांच्या बरोबरीची वारस होते, आणि मुलांचा विरोध बहुतेक वेळा तिथूनच येतो. 'या वयात लोक काय म्हणतील' हे वरवरचं कारण. दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करून, ते नोंदवून मुलांना दाखवलं की निम्मा विरोध मावळतो, हे मी पाहिलं आहे. पहिल्या नवऱ्याकडून वारशाने मिळालेलं घर पुनर्विवाहाने जाईल, अशी भीती अनेक बायकांच्या मनात घातलेली असते. ते घर तिच्या पूर्ण मालकीचं असतं आणि लग्नानंतरही राहतं.

फसवणुकीबद्दल सांगायलाच हवं. अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' १९६२मध्ये रंगभूमीवर आलं तेव्हा त्यातल्या भामट्या लखोबा लोखंडेला वेश आणि गाव बदलत हिंडावं लागायचं. आजचा लखोबा जागेवरून हलत नाही. तो परदेशातला विधुर डॉक्टर असतो, महिनाभर रोज सकाळी विचारपूस करतो; मग त्याने पाठवलेली भेटवस्तू कस्टममध्ये अडकते, नाहीतर तो शेअर बाजाराचं एखादं ॲप सुचवतो. तो कधीही समोर येत नाही. म्हणून आठवड्याच्या आत व्हिडिओ कॉल, तोही साध्या कपड्यांत, बैठकीच्या खोलीतून. अनोळखी कॉलवर समोरची व्यक्ती कपडे उतरवू लागली तर फोन तत्क्षणी बंद. पुढे येते ती खंडणीची मागणी. पैसे गेलेच तर पहिल्या तासात १९३० वर फोन करावा, लाजेपोटी दोन दिवस घालवू नयेत. रक्कम बँकेत अडवता येण्याची शक्यता तेव्हाच सर्वांत जास्त असते. भेट दिवसाउजेडी, कॉलेज रोडवरच्या गजबजलेल्या हॉटेलात, आणि आपण कुठे आहोत हे एका माणसाला तरी सांगून.

हे सगळं एकट्याने निभावणं अवघड आहे. नाशिकमधले ज्येष्ठ नागरिक संघ सहली काढतात, योगवर्ग घेतात, आरोग्य तपासण्या ठेवतात. त्यांनी महिन्यातली एक दुपार या कामाला द्यावी, असं मी मनापासून सुचवते. चारजणांनी एकमेकांचा अर्ज वाचावा, फोटो काढून द्यावेत, आलेले निरोप दाखवून 'हा माणूस खरा वाटतो का' असं विचारावं. एखाद्या वकिलाने मृत्युपत्र आणि पेन्शनच्या शंका सोडवाव्यात. अशा दुपारसाठी मला कोणत्याही संघाने बोलवावं, मी येईन.