चाळीस लिटर पाणी

"काका, नामविस्तार दिनाला मी सोयगावहून विद्यापीठाच्या गेटापर्यंत पळत जाणार आहे," असे पुतण्याने सांगितले, तेव्हा माझ्या तोंडून निघाले, "का रे, एस.टी. बंद आहे काय?" घरातले सगळे हसले. तो हसला नाही. त्याने वहीचे पान पुढे सरकवले. फर्दापूर, अजिंठ्याचा घाट, गोळेगाव, सिल्लोड, आळंद, फुलंब्री, चौका, हर्सूल. शंभरावर किलोमीटर. १३ जानेवारी २०२४ ला दुपारी चारला निघायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेटावर माथा टेकायचा.

आपल्या माणसांना हे गेट काय आहे ते सांगायला नको. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले, तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांचा होतो. पुढे वडिलांचे बोट धरून तिथे गेलो. आता दरवर्षी आमच्या वस्तीतून गाडी जाते. पण पळत? आणि रात्रीतून?

पोरगा भरतीची तयारी करता करता पळण्याच्या नादी लागलेला. त्याच्याकडून कळले की बेचाळीस किलोमीटरच्या मॅरेथॉनपुढची जी दौड, तिला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात, आणि असली लांबची दौड एकट्याच्या जिवावर होत नाही. मागे गाडी लागते, गाडीत पाणी, खाणे, बूट, औषध आणि जागी माणसे लागतात. त्याला म्हणतात सपोर्ट क्रू. आपल्या भाषेत हाताखालची माणसे. "तुम्ही माझे क्रू," तो म्हणाला. कारकुनाला बढती मिळाल्यासारखे वाटले, खोटे कशाला बोलू!

तयारीच्या दिवसांत त्याने मला बरेच वाचून दाखवले. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटर, आळीपाळीने सायकल चालवून नऊ दिवसांच्या आत पार केला. दोघे पायडल मारत होते हे खरे, पण रात्री मागच्या गाडीच्या उजेडाशिवाय सायकल पुढे न्यायचीच नाही, असा त्या शर्यतीचा नियम आहे. म्हणजे गाडीतला माणूस झोपला की शर्यत थांबली. ही सायकलची गोष्ट. याच किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत माणसे पायांनी पळाली, ती त्याच्या फार आधी.

४ मार्च १९२८ ला लॉस एंजेलिसहून १९९ जण निघाले. ८४ दिवस रोज पळत, २६ मे ला न्यूयॉर्कला पोहोचले ते ५५. वाट सुमारे साडेपाच हजार किलोमीटरची. पहिला आला अँडी पेन नावाचा वीस वर्षांचा पोरगा, तिथल्या चेरोकी या मूळनिवासी जमातीचा. बक्षीस पंचवीस हजार डॉलर. बापाच्या शेतावरचे कर्ज त्याने त्यातून फेडले. पण माझे मन अडकले ते आठव्या क्रमांकावर. एडी गार्डनर, सिएटलचा कृष्णवर्णीय धावपटू. डोक्याला पांढरा टॉवेल बांधून पळायचा. सुरुवातीला तो आघाडीच्या माणसांत होता. वाट टेक्सासमध्ये शिरली तशी गोऱ्यांची शिवीगाळ सुरू झाली. ओक्लाहोमात तर एक शेतकरी खेचरावर बसून, बंदूक त्याच्या पाठीवर रोखून, दिवसभर मागे मागे चालला. गोऱ्याला मागे टाकशील तर याद राख! टेक्सासमधल्या मॅक्लीन गावात जमावाने त्याच्या प्रशिक्षकाची गाडी घेरून जाळण्याची धमकी दिली.

वाचकहो, ही गाडीची गोष्ट मी पुतण्याला दोनदा वाचायला लावली. त्या लोकांना नेमके ठाऊक होते. धावणाऱ्याचा पाय मोडायची गरज नाही. त्याचे पाणी, त्याचे अंथरूण ज्या गाडीत आहे ती जाळली की पाय आपोआप थांबतात. आदल्याच वर्षी, २० मार्च १९२७ ला, आपल्याकडे महाडला चवदार तळ्यावर काय घडले ते आठवा. पाणी अडवणाऱ्यांची अक्कल सगळ्या देशांत सारखीच चालते. गार्डनरला मात्र वाटेवरच्या गावागावांतल्या त्याच्या माणसांनी जेवू घातले, घरात झोपायला जागा दिली. त्याचा खरा क्रू तोच.

आता माझे पाण्याचे सांगतो. १९८६-८७ साल असेल. वडिलांबरोबर पायी परगावी चाललो होतो. ऊन मी म्हणत होते. रस्त्याकडेच्या एका घरी वडिलांनी पाणी मागितले. बाई आत गेली, तांब्या घेऊन आली, आणि वडिलांनी ओंजळ पुढे करून मान खाली घातली. तिने वरून धार सोडली. अर्धे पाणी कोपरावरून धुळीत गेले. मला म्हणाले, "पी, बाळा." मी प्यालो नाही. पुढचे चार-पाच कोस तहानलेला चाललो, त्यांनी रागावून पाहिले, पण बोलले नाहीत. ते जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्या ओंजळीबद्दल आम्ही कधीच बोललो नाही.

म्हणून पुतण्याच्या दौडीचा हिशेब मांडला तेव्हा मी पहिली नोंद केली: पाणी, चाळीस लिटर. तो म्हणाला, "काका, एवढं लागत नाही." मी म्हणालो, "वाटेत कुणापुढे हात पसरायचा नाही."

आम्ही चौघे निघालो. शेजारच्याची ओम्नी, ती चालवणारा त्याचा मुलगा, मी आणि आमच्या सौ. गाडीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, केळी, उकडलेले बटाटे. मीठ? मीठ चटणीत होते तेवढेच. मी बी.कॉम. माणूस, वही काढली. दर तीन किलोमीटरला गाडी थांबवायची, अर्धा लिटर पाणी द्यायचे, वेळ लिहायची, सही करायची. (सही कुणासाठी, असे सौ. ने विचारले. सवय!) फर्दापूरला अंधार पडला. अजिंठ्याच्या घाटात तो चालत चढला, वर थंडी अंगात शिरत होती, गाडीच्या उजेडात त्याच्या तोंडाची वाफ दिसत होती. गोळेगावला भाकरीचा तुकडा खाल्ला. मध्यरात्र उलटून गेल्यावर सिल्लोड ओलांडले. तिथे तो म्हणाला, "काका, पाणी नको आता. पोटात डुचमळतंय." मी म्हणालो, "पी, बाळा."

हा शब्द माझ्या तोंडून कसा आला कुणास ठाऊक. तो प्याला. मी अर्धा लिटर लिहिले.

आळंदपर्यंत साडेबारा लिटर झाले. वही कशी बघत राहावी अशी! एकही थांबा चुकलेला नाही. त्यानंतर त्याला एकदा उलटी झाली. थकव्याची असेल म्हणून मी पाणी थोडे जास्तच दिले. फुलंब्री जवळ आली तेव्हा उजाडत होते. सौ. केळे द्यायला खाली उतरली आणि तिने त्याचा हात धरूनच ठेवला. "अहो, बोटं बघा याची. अंगठी रुतलीय. घड्याळाचा पट्टा बघा." मग म्हणाली, "रात्रभरात हा लघवीला किती वेळा गेला?" मी वही चाळली. ते कुठे लिहिलेच नव्हते. पोटात काय गेले ते पैशापैशाने होते, बाहेर काय आले त्याचा रकानाच नव्हता. तेवढ्यात पुतण्याने विचारले, "काका, फर्दापूर आलं का?"

तिने त्याला दंडाला धरून गाडीत बसवले. मला विचारले नाही. थेट शहरात नेले. विद्यापीठाकडे निघालेल्या माणसांच्या गर्दीतून, निळ्या झेंड्यांतून, आमची गाडी हॉर्न वाजवत दवाखान्याकडे गेली. मी कागदांवर सह्या केल्या. रक्तातले सोडियम खाली आले होते. डॉक्टरांनी साधे पाणी पूर्ण बंद केले आणि मिठाचे तीव्र सलाईन लावले. नंतर मला बाजूला घेऊन समजावले. थंडीत घाम कमी येतो. तासन्‌तास पळताना शरीर पाणी बाहेर टाकणे आवरते. अशा वेळी तहान नसताना पाणी ओतत राहिले, की रक्त पातळ होते आणि मेंदूला सूज येऊ शकते. यात माणसे दगावलेली आहेत. अमेरिकेत बोस्टनच्या २००२ च्या मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचे रक्त तपासले, तर १३ टक्क्यांचे सोडियम कमी निघाले. पाणी कमी पडून माणूस जातो एवढेच मला माहीत होते. जास्त होऊनही जातो, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळले.

संध्याकाळपर्यंत तो नीट बोलू लागला. पहिले वाक्य, "गेट किती राहिलं होतं?" तीस किलोमीटरच्या आसपास, मी सांगितले. वही मागितली नाही, बरे झाले. सौ. मात्र घरी येताना गाडीत म्हणाली, "तुम्ही त्याला पाणी देत नव्हता. मामंजींना देत होता." तिला ती ओंजळीची गोष्ट मी लग्नानंतर एकदाच सांगितली होती.

मार्चमध्ये एका रविवारी त्याने फुलंब्रीहून उरलेली वाट धरली. या वेळी गाडी नव्हती. मी स्कूटरवर, डिकीत एक बाटली, मीठ-साखरेची पुडी आणि खारे शेंगदाणे. सौ. ने बजावले होते, मागितल्याशिवाय द्यायचे नाही. मी मागे मागे, गाडी दुसऱ्या गिअरवर. चौक्याच्या घाटात त्याने मागे न बघता हात वर केला. मी बाटली दिली. दोन घोट घेऊन त्याने परत केली. हर्सूलपर्यंत पुन्हा मागितली नाही, आणि माझा हात दोन-तीनदा डिकीकडे जाऊन परत आला.

गेटावर त्या दिवशी गर्दी नव्हती. तीन-चार विद्यार्थी बसले होते. त्याने माथा टेकला, पायरीवर बसला, बूट काढले. एक मुलगी आपल्या बाटलीतले पाणी पुढे करून म्हणाली, "दादा, घ्या." त्याने बाटली घेतली, तोंड लावून प्याला.